स्पेशल एनर्जी कार्ड वाचायचं कसं: चिन्हं, मोजणी आणि डेकमधली जागा

पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेमचा डाव चालू आहे, समोर एक पोकेमॉन आहे. त्याच्या अटॅकची कॉस्ट, म्हणजे अटॅकला लागणारी एनर्जी, दोन ज्वाला आणि एक चांदणी. त्याला एक साधी फायर एनर्जी लावली आहे आणि एक डबल टर्बो एनर्जी. मोजून तीन एनर्जी झाल्या, लागतातही तीनच. तरी अटॅक होत नाही. हा खेळ नुकताच शिकलेल्यांचा टेबलावरचा पहिला वाद बहुतेक वेळा इथेच होतो. स्पेशल एनर्जी म्हणजे साध्या एनर्जीचीच भारी आवृत्ती, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. प्रत्यक्षात ते मजकूर असलेलं कार्ड आहे. ते काय पुरवतं, किती पुरवतं आणि कुठवर पुरवतं हे तो मजकूर ठरवतो. तो वाचायची सवय लागली की निम्मे घोळ संपतात.

पहिली पायरी: चिन्हं डोळ्यांत बसवा

पान म्हणजे ग्रास, ज्वाला म्हणजे फायर, थेंब म्हणजे वॉटर, वीज म्हणजे लाइटनिंग, डोळा म्हणजे सायकिक, मूठ म्हणजे फायटिंग. काळ्या गोलातली कोर म्हणजे डार्कनेस आणि चंदेरी-राखाडी गोल म्हणजे मेटल. या आठ प्रकारांची बेसिक एनर्जी कार्डं असतात. नववं चिन्ह पांढरट गोलातल्या चांदणीचं, म्हणजे कलरलेसचं. कलरलेसचं बेसिक कार्ड नसतं. ड्रॅगन प्रकारचंही नसतं, त्यामुळे ड्रॅगन पोकेमॉनचे अटॅक बहुधा दोन वेगळ्या प्रकारांची एनर्जी मागतात. जुन्या कार्डांच्या ढिगात गुलाबी फेअरी चिन्ह सापडलं तर गोंधळू नका. इंग्रजी कार्डांमध्ये तो प्रकार २०१४ मध्ये आला आणि २०२० च्या सोर्ड अँड शील्ड मालिकेपासून बंद झाला.

डेकच्या याद्यांमध्ये आणि नियमांच्या चर्चांमध्ये या चिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरं वापरतात. ग्रासला जी, फायरला आर, वॉटरला डब्ल्यू, लाइटनिंगला एल, सायकिकला पी, फायटिंगला एफ, डार्कनेसला डी, मेटलला एम आणि कलरलेसला सी. इथे फसवणारं अक्षर एकच आहे, एफ. ते फायर नव्हे, फायटिंग. यादी बघून डेक बांधताना मुठीच्या जागी ज्वालेची कार्डं भरली जातात ती यामुळेच.

बेसिक एनर्जी कार्डावर मधोमध एकच मोठं चिन्ह असतं आणि नियमाचा मजकूर नसतो. स्पेशल एनर्जीवर मजकूर असतो आणि नव्या कार्डांवर वरच्या पट्टीत ती स्पेशल असल्याचंही छापलेलं असतं. ही ओळख जुन्या कार्डांसाठी फार उपयोगी आहे. डार्कनेस आणि मेटल एनर्जी २००० सालच्या निओ जेनेसिस सेटमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या स्पेशल होत्या. डार्कनेसमुळे अटॅकचं डॅमेज १० ने वाढायचं, मेटलमुळे अंगावर येणारं डॅमेज १० ने घटायचं. त्यांची बेसिक रूपं २००७ च्या डायमंड अँड पर्ल सेटपासून मिळायला लागली. म्हणजे एकाच प्रकारची दोन कार्डं हातात असू शकतात, एक बेसिक आणि एक स्पेशल. मजकूर आहे का, एवढं बघा.

डेक बांधताना या फरकाला लगेच किंमत येते. ६० कार्डांच्या डेकमध्ये एकाच नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं चालतात. बेसिक एनर्जीला ही मर्यादा नाही, स्पेशल एनर्जीला आहे.

दुसरी पायरी: चांदणीचा एकतर्फी कारभार

कॉस्टमध्ये चांदणी असेल तर ती कोणत्याही एनर्जीने भागते. पान लावा, ज्वाला लावा, काहीही चालतं. पण एखादं कार्ड चांदणी पुरवत असेल, तर ती चांदणी फक्त चांदणीच्याच जागी बसते. ज्वालेच्या जागी ती कधीच चालत नाही.

सुरुवातीचं उदाहरण आता सुटतं. डबल टर्बो एनर्जी दोन चांदण्या पुरवते. कॉस्ट ज्वाला, ज्वाला, चांदणी. साध्या फायरने एक ज्वाला भागली, एका चांदणीने चांदणीची जागा भरली, उरलेली चांदणी दुसऱ्या ज्वालेला चालत नाही. तीच कॉस्ट ज्वाला, चांदणी, चांदणी असती तर हीच दोन कार्डं पुरली असती. म्हणून अटॅकची कॉस्ट वाचताना एकूण आकडा आधी बघू नका. रंगीत चिन्हं आधी मोजा, ती भागतात का ते बघा, मग चांदण्यांकडे वळा.

कॉस्ट या शब्दानेही लोक फसतात. अटॅक केल्यावर एनर्जी खर्च होत नाही, ती पोकेमॉनला लागलेलीच राहते. अटॅकच्या मजकुरात टाकून द्या असं म्हटलं असेल तरच ती डिस्कार्ड पाइलमध्ये, म्हणजे टाकलेल्या कार्डांच्या ढिगात, जाते. पुढे लढणाऱ्या (अ‍ॅक्टिव्ह) पोकेमॉनला बेंचवर, म्हणजे राखीव रांगेत, मागे नेताना, म्हणजेच रिट्रीट करताना, मात्र ती खरोखर टाकावी लागते. रिट्रीट कॉस्ट एका चांदणीची असेल आणि पोकेमॉनला फक्त डबल टर्बो असेल, तर ते अख्खं कार्ड जातं. उरलेल्या एका एनर्जीचे सुटे पैसे परत मिळत नाहीत.

तिसरी पायरी: कार्ड किती आणि एनर्जी किती

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. एनर्जी कार्ड ही वस्तू आहे, एनर्जी हे त्या वस्तूने पुरवलेलं माप आहे. बेसिकमध्ये दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून फरक जाणवत नाही. स्पेशलमध्ये ते वेगळे होतात आणि खेळातला मजकूर कधी एकाबद्दल बोलतो, कधी दुसऱ्याबद्दल.

सगळ्यात जुन्या सेटमधलं एक जोडपं घेऊ. इंग्रजीत १९९९ मध्ये आलेल्या बेस सेटमधला चॅरिझार्ड, आणि त्याच सेटमधली डबल कलरलेस एनर्जी. चॅरिझार्डच्या फायर स्पिन अटॅकची कॉस्ट चार ज्वाला, डॅमेज १००. डबल कलरलेस देते दोन चांदण्या, म्हणजे वरवर पाहता तिचा इथे काही उपयोग नाही. पण चॅरिझार्डकडे एनर्जी बर्न नावाची ताकद आहे. ती वापरली की त्याला लागलेली सगळी एनर्जी त्या टर्नपुरती फायर होते. मग दोन डबल कलरलेस लावल्या की चार ज्वाला तयार. कार्डं दोन, एनर्जी चार.

आता फायर स्पिनची अट बघा. अटॅक करायचा तर चॅरिझार्डवरची २ एनर्जी कार्डं टाकायची. शब्द ‘कार्डं’ असा आहे. दोन डबल कलरलेसवर अटॅक केला तर दोन्ही जातात आणि चॅरिझार्ड उघडा पडतो. त्याऐवजी एक डबल कलरलेस आणि दोन साध्या फायर असतील, तर एनर्जी तेवढीच चार, पण कार्डं तीन. दोन फायर टाकायच्या, डबल कलरलेस शिल्लक राहते आणि पुन्हा चारपर्यंत पोचायला दोनच साध्या फायर लावाव्या लागतात. चारचा आकडा दोन्हीकडे तोच असूनही पुढचे दोन टर्न अगदी वेगळे जातात.

अलीकडच्या कार्डांवर बहुतेक ठिकाणी ‘२ एनर्जी टाका’ एवढंच छापलेलं असतं, ‘कार्ड’ हा शब्द नसतो. तिथे दोन एनर्जी पुरवणारं एक कार्ड टाकलं तरी अट पूर्ण होते. ‘लागलेल्या प्रत्येक एनर्जीमागे ३० जास्त डॅमेज’ असा अटॅक असेल तर तिथेही मापच मोजलं जातं, म्हणजे दोन पुरवणाऱ्या एका कार्डाचे ६० मिळतात. शब्द ‘एनर्जी कार्ड’ आहे की नुसतं ‘एनर्जी’, हे बोट ठेवून वाचा.

आणि चिन्हं किती छापली आहेत यावरून माप ठरवू नका. २०२१ च्या बॅटल स्टाइल्स सेटमधली दोन कार्डं शेजारी ठेवली की हे चटकन दिसतं. सिंगल स्ट्राइक एनर्जीवर मूठ आणि कोर अशी दोन चिन्हं आहेत, पण पुढे लिहिलंय की एका वेळी एकच एनर्जी पुरवली जाईल. म्हणजे मूठ किंवा कोर, जी लागेल ती, पण एकच. रॅपिड स्ट्राइक एनर्जीवरही थेंब आणि मूठ अशी दोनच चिन्हं आहेत, मात्र ती दोन एनर्जी पुरवते, कोणत्याही जोडीत. दोन थेंब, दोन मुठी किंवा एकेक. चिन्हांची संख्या सारखी असून एकीचं माप एक आणि दुसरीचं दोन.

चौथी पायरी: मजकुराचा काळ ओळखा

स्पेशल एनर्जीचा मजकूर साधारण चार प्रकारच्या वाक्यांनी बनतो. वाक्य कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखलं की परिणाम केव्हा होतो आणि केव्हा हुकतो हे कळतं.

पहिलं वाक्य अटीचं. हे कार्ड अमुक पोकेमॉनलाच लावता येईल, दुसऱ्या कुणाला लागलं तर टाकून द्या. सिंगल स्ट्राइक आणि रॅपिड स्ट्राइक एनर्जीवर हे असतं. २०१५ च्या रोरिंग स्काइज सेटमधल्या डबल ड्रॅगन एनर्जीवरही असतं, ती फक्त ड्रॅगन पोकेमॉनला चालते. असं वाक्य नसेल तर कार्ड कुणालाही लावता येतं, जरी त्याचा फायदा ठरावीक प्रकारालाच मिळत असला तरी. २०२० ची स्पीड लाइटनिंग एनर्जी कोणत्याही पोकेमॉनला लावा, वीज पुरवेल. पण लावताना २ कार्डं ओढायला मिळतात ती फक्त लाइटनिंग पोकेमॉनला लावली तर.

दुसरं वाक्य ‘लागलेलं असेपर्यंत’ असं सुरू होतं. हा परिणाम सतत चालू असतो आणि कार्ड निघालं की त्याच क्षणी थांबतो. हीट फायर एनर्जी फायर पोकेमॉनचे एचपी, म्हणजे तो किती डॅमेज सोसू शकतो तो आकडा, २० ने वाढवते. १०० एचपीच्या पोकेमॉनवर ही असेल आणि ११० डॅमेज झालं असेल, तर तो तग धरून आहे. प्रतिस्पर्ध्याने नुसती ही एनर्जी काढून टाकली की तो तिथल्या तिथे बाद होतो, अटॅकची गरज पडत नाही.

तिसरं वाक्य ‘हातातून लावताना’. हा परिणाम एकदाच होतो आणि इथे प्रत्येक शब्दाला वजन आहे. २०२३ च्या पाल्डिया इव्हॉल्व्ह्ड सेटमधली जेट एनर्जी घ्या. ती हातातून बेंचवरच्या पोकेमॉनला लावली की तो पुढे येतो आणि अ‍ॅक्टिव्ह पोकेमॉन बेंचवर जातो. रिट्रीट कॉस्ट लागत नाही, त्या टर्नची रिट्रीटची संधीही शिल्लक राहते. पण एखाद्या परिणामाने ती डेकमधून किंवा डिस्कार्ड पाइलमधून लागली तर अदलाबदल नाही. एका पोकेमॉनवरून दुसऱ्यावर हलवली तरी नाही. अ‍ॅक्टिव्हलाच लावली तरी नाही, मग ती एक चांदणी देणारं साधंसुधं कार्ड होऊन बसते. आणि बेंचवर लावली तर अदलाबदल करावीच लागते, ‘हवं तर’ असा शब्द तिथे नाही. बेंचवर एनर्जी साठवायची म्हणून जेट लावणारे नवे खेळाडू मग अर्धवट तयार पोकेमॉन पुढे आणून बसतात.

जुन्या काळात या वाक्याला किंमतही जोडलेली असायची. २००० च्या टीम रॉकेट सेटमधली रेनबो एनर्जी कोणत्याही प्रकारची एक एनर्जी द्यायची, पण हातातून लावताना त्याच पोकेमॉनला १० डॅमेज व्हायचं. २०२० च्या अरोरा एनर्जीत किंमत वेगळी आहे, ती लावायची तर हातातलं आणखी एक कार्ड टाकावं लागतं. हातात दुसरं कार्डच नसेल तर अरोरा लागत नाही.

चौथं वाक्य ‘बाद झाल्यास’. २०२२ ची गिफ्ट एनर्जी लावलेला पोकेमॉन प्रतिस्पर्ध्याच्या अटॅकच्या डॅमेजने बाद झाला, तर हातात ७ कार्डं होईपर्यंत ओढता येतात. ‘अटॅकच्या डॅमेजने’ हे दोन शब्द सोडू नका. विषाने गेला, किंवा कुणी अटॅकच्या डॅमेजऐवजी नुसते डॅमेज काउंटर (डॅमेज मोजायच्या सोंगट्या) ठेवून संपवला, तर काही मिळत नाही. हातात आधीच ७ किंवा जास्त कार्डं असतील तरीही नाही.

डॅमेज आणि डॅमेज काउंटर ठेवणं हा फरक आणखी एका ठिकाणी नडतो. २०२४ च्या टेम्पोरल फोर्सेसमधली मिस्ट एनर्जी प्रतिस्पर्ध्याच्या अटॅकचे ‘परिणाम’ अडवते, आणि कार्डावरच कंसात लिहिलंय की डॅमेज हा परिणाम नाही. म्हणजे २०० चा थेट फटका बसणारच. पण अटॅकने बेंचवर काउंटर वाटायचे असतील तर मिस्ट लावलेल्या पोकेमॉनवर ते ठेवता येत नाहीत. अॅबिलिटीने, म्हणजे पोकेमॉनच्या अटॅकखेरीजच्या खास ताकदीने, ठेवलेले काउंटर मात्र ती अडवत नाही, तिच्या मजकुरात फक्त अटॅक आहे.

पाचवी पायरी: बदलत्या मापाची कार्डं

काही कार्डांचं माप खेळ चालू असताना बदलतं. ही वापरायला सगळ्यात अवघड आणि जमली तर सगळ्यात फायद्याची.

ल्युमिनस एनर्जी एका वेळी एक, पण कोणत्याही प्रकारची एनर्जी देते. अट अशी की त्याच पोकेमॉनवर दुसरी कुठलीही स्पेशल एनर्जी असली तर ती फक्त चांदणी होते. दोन ल्युमिनस एकाच पोकेमॉनला लावल्या तर दोघी एकमेकींना पाडतात आणि तुमच्याकडे दोन चांदण्या उरतात. हिच्या सोबतीला बेसिकच हवी.

रिव्हर्सल एनर्जी एरवी एक चांदणी. पण तुमची उरलेली प्राइझ कार्डं (सुरुवातीला बाजूला ठेवलेली, समोरचा पोकेमॉन बाद केला की घ्यायची) प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त असतील, आणि ही एनर्जी रूल बॉक्स नसलेल्या इव्होल्यूशन पोकेमॉनवर (बेसिकवर चढवलेल्या, स्टेज १ किंवा २) असेल, तर कोणत्याही प्रकारच्या तीन एनर्जी देते. ईएक्स, व्ही वगैरे पोकेमॉनना रूल बॉक्स, म्हणजे कार्डावर खास नियमाची चौकट, असतो, त्यांना हा लाभ नाही. बेसिक पोकेमॉनलाही नाही. दोन्ही अटी एकदम पूर्ण असाव्या लागतात आणि त्या दर क्षणी तपासल्या जातात.

डबल टर्बोचं माप बदलत नाही, पण तिचा दंड चुकीच्या जागी वजा केला जातो. ती लावलेल्या पोकेमॉनच्या अटॅकचं डॅमेज २० ने कमी होतं, आणि ही वजाबाकी वीकनेस (ज्या प्रकाराचा फटका जास्त बसतो) आणि रेझिस्टन्स (ज्याचा कमी बसतो) लावण्याआधी करायची. ६० चा अटॅक, समोरच्याला दुप्पट वीकनेस. आधी ६० मधून २० गेले, राहिले ४०, त्याचे दुप्पट ८०. आधी दुप्पट करून मग २० वजा केले तर १०० येतात, आणि तेवढ्या चुकीवर सामने फिरतात. दोन डबल टर्बो असतील तर ४० कमी. काउंटर ठेवणाऱ्या अटॅकला हा दंड लागत नाही, कारण तिथे डॅमेज होतच नाही. म्हणून कमी डॅमेज आणि मोठा परिणाम असलेल्या अटॅकसाठी ही उत्तम, आणि २० किंवा ३० चे छोटे फटके मारणाऱ्यांसाठी वाया.

सहावी पायरी: डेकमध्ये किती घ्यायच्या

कागद घ्या. मुख्य अटॅक करणाऱ्या पोकेमॉनच्या कॉस्ट लिहा आणि रंगीत चिन्हांना गोल करा. गोल केलेली चिन्हं भागवायची जबाबदारी बेसिकवर टाका. उरलेल्या चांदण्या बघा, स्पेशलची जागा तिथे आहे. कॉस्टमध्ये चांदणीच नसेल तर चांदणी देणाऱ्या स्पेशल त्या डेकमध्ये कशाला हव्यात, हा प्रश्न स्वतःला विचारा. बहुतेकदा उत्तर ‘दुसऱ्या कुणाच्या डेकमध्ये होत्या म्हणून’ असं निघतं.

मग डेकमधल्या मदतनीस कार्डांचा मजकूर तपासा. एनर्जी सर्च फक्त बेसिक एनर्जी शोधून देतं. एनर्जी रिट्रीव्हल डिस्कार्ड पाइलमधून २ बेसिकच परत आणतं. जादा एनर्जी लावून देणाऱ्या बहुतेक अॅबिलिटीही ‘बेसिक’ हा शब्द धरून असतात. रेनबो किंवा ल्युमिनस पोकेमॉनवर असताना वॉटर पुरवत असली तरी डेकमध्ये किंवा डिस्कार्ड पाइलमध्ये ती बेसिक वॉटर नसते, त्यामुळे असल्या शोधात ती सापडत नाही. तुमचा डेक या मदतीवर चालत असेल तर प्रत्येक वाढीव स्पेशल ही मदत बोथट करते. ८ बेसिक आणि ४ स्पेशल असा डेक ४ बेसिक आणि ८ स्पेशल करून पाहा, तीच मदतनीस कार्डं हातात नुसती बसून राहतील.

आता हाताला लागायची शक्यता. ६० कार्डांच्या डेकमध्ये एका नावाची ४ कार्डं असतील, तर सुरुवातीच्या ७ कार्डांत किमान एक येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. ३ असतील तर सुमारे ३२, २ असतील तर २२, एकच असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या टर्नला हवीच अशी स्पेशल असेल तर ४ घ्या. शेवटी शेवटी लागणारी, रिव्हर्सलसारखी, २ किंवा ३ पुरते. ‘असू दे एखादी’ म्हणून घेतलेली एकुलती स्पेशल वेळेवर येत नाही, तिची जागा बेसिकला द्यावी हे आमचं मत.

एकुलतीच घ्यावी लागते अशी कार्डंही आहेत. एस स्पेक खूण असलेलं कार्ड अख्ख्या डेकमध्ये एकच चालतं. एका नावाचं एक असं नाही, सगळ्या एस स्पेक मिळून एक. २०२४ पासून यात स्पेशल एनर्जीही आल्या. निओ अप्पर एरवी एक चांदणी देते आणि स्टेज २ पोकेमॉनवर कोणत्याही प्रकारच्या दोन एनर्जी. लेगसी कोणत्याही प्रकारची एक देते, आणि तिचा पोकेमॉन अटॅकच्या डॅमेजने बाद झाला तर प्रतिस्पर्ध्याला एक प्राइझ कमी मिळतं. हा लाभ खेळात एकदाच. असं कार्ड निवडताना हिशेबात धरा की ६ प्राइझ कार्डांमध्ये ते अडकण्याची शक्यता १० टक्के आहे. डेकची सगळी योजना त्या एका कार्डावर उभी करू नका.

सातवी पायरी: टेबलावर

लावलेली एनर्जी कार्डं पोकेमॉनच्या खाली अशी सरकवा की प्रत्येकाचं नाव दोघांनाही दिसेल. बेसिक वर, स्पेशल सगळ्यात खाली आणि तिचा मजकूर उघडा. अटॅक जाहीर करण्याआधी ‘कार्डं दोन, एनर्जी तीन, त्यात थेंब एक’ असं तोंडाने म्हणा. सुरुवातीला बावळटपणा वाटेल, पण वाद तिथेच मिटतात.

टर्नमध्ये हातातून एकच एनर्जी लावता येते, बेसिक असो की स्पेशल. त्यामुळे दोन पुरवणारी स्पेशल लावणं म्हणजे एक टर्न वाचवणं, आणि ती गमावणं म्हणजे दोन टर्न गमावणं. प्रतिस्पर्धीही हे जाणतो. एनहान्स्ड हॅमर हे आयटम कार्ड समोरच्या पोकेमॉनवरची एक स्पेशल एनर्जी थेट टाकायला लावतं, नाणं उडवायचीही गरज नाही. टेम्पल ऑफ सिनो हे स्टेडियम कार्ड त्याहून त्रासदायक. ते टेबलावर आलं की दोन्ही बाजूंची प्रत्येक स्पेशल एनर्जी एक चांदणी देते आणि तिचे बाकी सगळे परिणाम थांबतात. डबल टर्बोही एकच चांदणी होते, तिचा २० चा दंडही जातो. स्टेडियम बदलायला तुमच्या डेकमध्ये दुसरं स्टेडियम असेल तर हा पेच सुटतो. नसेल तर बेसिक किती आहेत यावर सगळं येऊन ठेपतं.

स्पर्धेला जाण्याआधी कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघा. ती रेग्युलेशन खूण. स्टँडर्ड या स्पर्धाप्रकारात, जिथे अलीकडचीच कार्डं चालतात, कोणती अक्षरं चालतात हे बदलत राहतं. डबल टर्बोवर एफ आहे आणि एफ खुणेची कार्डं २०२५ मध्ये स्टँडर्डबाहेर गेली. घरच्या खेळाला अर्थातच याचं बंधन नाही.

सराव

कार्डं मांडून करा. अटॅकची कॉस्ट थेंब, थेंब, चांदणी. डॅमेज ९०. समोरच्याला वॉटरची दुप्पट वीकनेस आणि अटॅक करणारा वॉटर पोकेमॉन, स्टेज १, रूल बॉक्स नसलेला.

एक वॉटर आणि एक डबल टर्बो: एनर्जी तीन, पण थेंब एकच. होत नाही.

दोन वॉटर आणि एक डबल टर्बो: होतो. ९० मधून २० गेले, ७० चे दुप्पट १४०.

एक वॉटर, एक ल्युमिनस, एक जेट: जेट स्पेशल आहे, त्यामुळे ल्युमिनस चांदणी झाली. थेंब एक, चांदण्या दोन. होत नाही. नवे खेळाडू इथेच हटकून चुकतात.

एक वॉटर, एक ल्युमिनस, एक बेसिक ग्रास: ल्युमिनस दुसरा थेंब होते, ग्रास चांदणीच्या जागी. होतो, १८०.

नुसती एक रिव्हर्सल, तुमची प्राइझ ५ उरलेली, समोरच्याची ४: तीन एनर्जी मिळतात, अटॅक होतो, १८०. त्यात समोरचा बाद झाला आणि तुम्ही एक प्राइझ घेतलं की ४-४ झाले, रिव्हर्सल पुन्हा एक चांदणी. आता प्रतिस्पर्ध्याने तुमचा दुसरा एखादा पोकेमॉन पाडून एक प्राइझ घेतलं, ४-३ झाले, तर पुढच्या टर्नला त्याच कार्डावर पुन्हा तीन.